पोर्ट आयझॅकला जायचंय? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेक-जावई ब्रिस्टलला असल्यामुळे आमचं इंग्लंडला जाणं-येणं असतं. तिथून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं पोर्ट आयझॅक गाडीनं तीनेक तासांवर आहे. तिथले फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेले, आणि तेव्हापासून कॉलेज रोड, इंदिरानगर, पार सिन्नरपर्यंतची मंडळी फोन करून तेच तेच विचारतात. बहुतेकांची मुलं तिकडे नोकरीला असतात, आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी जातात आणि शनिवार-रविवार कुठे काढायचा हा प्रश्न पडतो. त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवते आहे.

हे गाव आहे तरी कुठे? त्याला शूटिंगचं गाव का म्हणतात?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, दोन टेकड्यांच्या बेचक्यात हे छोटंसं बंदर वसलंय. ‘डॉक मार्टिन’ ही ब्रिटिश मालिका २००४ पासून २०२२ पर्यंत इथे चित्रित झाली. तिचे दहा सीझन झाले. लंडनचा एक नावाजलेला सर्जन, पण रक्त दिसलं की त्याला मळमळतं. म्हणून तो शस्त्रक्रिया सोडून खेड्यात साधी डॉक्टरकी करायला येतो. स्वभाव असा तुसडा की पेशंटला ‘बसा’सुद्धा म्हणणार नाही. त्याची आणि गावकऱ्यांची जुंपते, तीच गोष्ट. मार्टिन क्लून्स या नटानं २००० सालच्या ‘सेव्हिंग ग्रेस’ सिनेमात याच गावात मार्टिन नावाच्या डॉक्टरचं काम केलं होतं, मालिकेचं बी तिथलं. त्याही आधी १९७०च्या दशकातल्या ‘पोल्डार्क’ मालिकेत हे गाव दिसलं होतं.

कॅमेरा इथे पुन्हा पुन्हा का येतो, त्याचं उत्तर माझ्या मते गावाच्या इतिहासात आहे. पूर्वी इथे पिलचर्ड म्हणजे आपल्या तारलीच्या जातीचे मासे यायचे. शिवाय जवळच्या डेलाबोलच्या खाणीतला पाटीचा दगड इथून गलबतांत भरून जायचा. तोच दगड, ज्याच्या लाकडी चौकटीच्या पाटीवर आपण श्री गिरवला. १८९०च्या दशकात रेल्वे आली, दगड रेल्वेनं जायला लागला आणि बंदराचा मोठा धंदा बसला. नव्यानं बांधायला पैसाही नव्हता आणि बेचक्यात जागाही नव्हती. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली चुन्यानं रंगवलेली, पाटीच्या दगडानं शाकारलेली घरं तशीच उभी राहिली. आयता सेट!

‘पोर्टवेन’ नकाशावर सापडत नाही.

सापडणार नाही. ते मालिकेतलं नाव आहे. नकाशात पोर्ट आयझॅक टाका.

आम्ही मालिका पाहिलेलीच नाही. तरी जाण्यात अर्थ आहे का?

आहे, उलट बरंच. मालिकेचे भक्त एकेक दार शोधत, फोनमधल्या चित्राशी ताडून बघत फिरतात आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. तुम्ही मोकळ्या डोळ्यांनी बघाल. तरी जाण्याआधी एखादा भाग बघून घ्या, म्हणजे वळणावर घर आलं की ‘अरे, हे तर तेच!’ म्हणण्याची गंमतही मिळते.

आणि एक गंमत सांगते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये सिनेमाचं तंत्र शिकायला आणि कॅमेरा घ्यायला लंडनला गेले होते. आपण नाशिकची माणसं शतकभरानंतर तिकडे जाऊन सिनेमावाल्यांनी वापरलेली घरं बघतो. फाळक्यांनी कपाळावर हात मारला असता की तिकीट किती म्हणून विचारलं असतं, कोण जाणे.

डॉक्टरांचं घर आतून बघता येतं का?

नाही. रॉस्करॉक हिल नावाच्या चढावर, बंदराच्या पलीकडच्या अंगाला फर्न कॉटेज नावाचं छोटं दगडी घर आहे, तेच बाहेरून दवाखाना म्हणून दाखवलं जायचं. ती खासगी मालमत्ता आहे. आतली दृश्यं तिथे चित्रित झालीच नाहीत. गावाजवळच्या एका शेतावरच्या कोठारात दवाखान्याचा सेट लावलेला असायचा. म्हणजे खिडकीला नाक लावून आत डोकावलात तरी तपासणीचा पलंग काही दिसायचा नाही, कुणाची तरी सुट्टी मात्र नासेल. समोरच्या बाजूनं, बंदराच्या अलीकडून फोटो काढा. घरही येतं, पाणीही येतं, आणि कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

मालिकेतली शाळा म्हणजे १८७५ची खरोखरची जुनी शाळा. तिचं आता हॉटेल झालंय. पबचं म्हणाल तर मालिकेत त्याला ‘क्रॅब अँड लॉब्स्टर’ म्हणतात, प्रत्यक्षात बंदराच्या डोक्यावरचा ‘गोल्डन लायन’. तिथे आत जाता येतं, फक्त काहीतरी घ्यावं लागतं.

शूटिंग चालू असताना जाता येईल का? कलाकार दिसतील?

मालिका २०२२ साली संपली. आता दिसतील ते कोळी, टपालवाला आणि तुमच्यासारखेच पाहुणे.

नाशिकहून एकूण प्रवास कसा?

व्हिसा नेहमीचाच, ‘स्टँडर्ड व्हिजिटर’, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहायला. कॉर्नवॉलसाठी वेगळं काही लागत नाही. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात जावं लागतं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरून चाला. उन्हाळी सुट्टीत अख्खा महाराष्ट्र अर्ज करतो, तेव्हा मार्चच्या आतच हालचाल करा.

मुंबईच्या विमानतळापर्यंतची चिंता आता कमी झालीय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टळतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी जिथल्या तिथेच आहे. वाचलेला तास तिथे खर्ची पडतो, असं धरूनच निघा.

लंडनहून पुढे गाडी की रेल्वे?

रेल्वे पोर्ट आयझॅकपर्यंत जात नाही. त्या भागातली लाइन १९६६ सालीच बंद पडली. पॅडिंग्टन स्टेशनवरून बॉडमिन पार्कवेपर्यंत साधारण चार तास, तिथून टॅक्सीनं अर्धा-पाऊण तास. टॅक्सी आधी ठरवून ठेवा. स्टेशन रानात आहे, बाहेर आल्यावर रिक्षा स्टँड दिसणार नाही. बस वेडब्रिज गावाहून आहेत, पण मोजक्या आणि हंगामाप्रमाणे बदलणाऱ्या. त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच त्यांच्या भरवशावर राहा.

साठी ओलांडलेल्यांनी ‘सीनियर रेलकार्ड’ जरूर काढावं. पासपोर्ट दाखवून स्टेशनवर मिळतं, पर्यटकांनाही चालतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. दोघांच्या एका फेरीतच बराचसा खर्च निघतो. मुलांना हे माहीत नसतं, कारण ती साठीची नाहीत.

गाडी असेल तर उत्तमच. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला तिथे बारा महिने गाडी चालवता येते आणि रस्ता आपल्यासारखाच डाव्या हाताचा. भाड्याची गाडी घेणार असाल तर कंपनीची वयाची अट आधी विचारा. खरी परीक्षा शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे, झुडपं माजलेले दगडमातीचे बांध आणि मधून एकाच गाडीपुरता रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी रिव्हर्स घेऊन जागा द्यायची. हॉर्न कुणी वाजवत नाही. जागा दिली की हात वर करून आभार मानायचे, एवढं पाळलं की तुम्ही तिथलेच.

गाडी लावायची कुठे?

गावाच्या डोक्यावर, टेकडीवरच्या पे-पार्किंगमध्ये. फोनमधला नकाशा तुम्हाला खाली गावात नेऊ बघेल, त्याचं ऐकू नका. खालच्या गल्ल्या घोडागाडीच्या काळातल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या आत पोचा.

खाली बंदराच्या वाळूवर गाड्या उभ्या दिसल्या तर मोह आवरा. ओहोटीच्या वाळूवर गाडी लावून जेवायला गेलेल्यांच्या गाड्या भरतीत बुडाल्याचे किस्से तिथे कुणालाही विचारा, हसत हसत सांगतात.

गुडघे दुखतात. झेपेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून स्पष्टच सांगते. उतरताना मजा, चढताना सजा. पार्किंगपासून बंदरापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार, आणि येताना तोच चढ. मधे कुठे लिफ्ट नाही, रोपवे नाही. सप्तशृंग गडावर ट्रॉली घेतल्याशिवाय ज्यांचं भागत नाही त्यांनी मुलाला सांगून टेकडीवरूनच दर्शन घ्यावं. वरच्या अंगाला, किनाऱ्याच्या पायवाटेवरून समुद्र आणि कडे छान दिसतात. खाली जायचंच असेल तर काठी घ्या, रबरी तळव्याचे बूट घाला आणि परतीला घाई ठेवू नका. पाऊस पडून गेल्यावर दगडी फरशी निसरडी होते. चपला, सँडल, साडीखालच्या मोजड्या, सगळं घरी.

‘स्क्वीझी बेली’ नावाची एक गल्ली आहे, सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम दीड फुटाची. तिथून पार होणं हा तिथला खेळ आहे. आमच्या यजमानांनी एक बाजू धरून, श्वास आत घेऊन तो केला. पलीकडे उभ्या असलेल्या इंग्लिश आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. आंबरसाच्या मोसमानंतर लगेच गेलात तर वळसा घालून जाणं बरं.

कुठल्या दिवशी, किती वाजता जावं?

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा: पोर्ट आयझॅकला जायचं ते भरती-ओहोटी बघून. उत्तर कॉर्नवॉलला मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याची पातळी सहा-साडेसहा मीटरनं वर-खाली होते. ओहोटीला अख्खं बंदर कोरडं पडतं, बोटी वाळूवर कलून पडतात आणि तुम्ही त्यांच्यामधून चालू शकता. आपल्याकडे गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, गळ्याला लागलं म्हणून पूर बघायला गर्दी जमते. इथे तो सोहळा दिवसातून दोनदा, बिनबोभाट होतो.

पाणी परत येतं ते लाटा उसळत वगैरे नाही. आधी वाळूतल्या एका पन्हळीतून बोटभर रुंदीची धार सरकते. ती दोरखंडाच्या वेटोळ्यापाशी येऊन थांबते, त्याला वळसा घालते. मग दुसरी धार. तोवर शेवाळलेली साखळी ओली झालेली असते. बोटीच्या बुडाखाली पाणी शिरतं तरी ती हलत नाही, आणि मग एकदम, कुणी कानात सांगितल्यासारखी, सरळ उभी राहते. हे बघायला तासभर लागतो. मी डॉक्टरचं घर पाच मिनिटांत उरकते आणि हा तास बाजूला काढते.

आता आपला देशी उपाय. नेमकी वेळ तिथल्या भरतीच्या कोष्टकातच बघायची, पण अंदाजाला घरचं कॅलेंडर पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस भरती मोठी, आणि त्या भागात तेव्हा ओहोटी साधारण भर दुपारी येते. म्हणजे दुपारी वाळूवर फिरा आणि संध्याकाळी पाणी भरताना बघा. अष्टमीच्या सुमारास उलट. दुपारी भरती, पण लहान. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून रोज वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. तिथे तिथी बघून सहल ठरवणारे बहुधा आपणच.

महिना म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर इंग्लंडच्या शाळांना सुट्टी, तेव्हा गल्ल्यांमध्ये रामनवमीच्या पंचवटीसारखी दाटी. डिसेंबरात साडेचारला अंधार आणि निम्मी दुकानं बंद.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?

राहणार नाही, पण विचारत खावं लागेल.

‘कॉर्निश पेस्टी’ हे तिथलं मुख्य खाणं. आपल्या करंजीच्या आकाराची, पण तळहाताएवढी आणि भाजलेली. खाणीतले कामगार दुपारच्या जेवणाला न्यायचे. अस्सल पेस्टीत गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद असतो. २०११ पासून या नावाला भौगोलिक मानांकन आहे, येवल्याच्या पैठणीला आहे तसं. म्हणजे पाटीवर नुसतं ‘कॉर्निश पेस्टी’ लिहिलं असेल तर ती आपल्या कामाची नाही. ‘चीज अँड अन्यन’ मागा, बहुतेक दुकानांत मिळते. गरम असते, पोट भरतं, तिखटाच्या नावानं शंख. पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवा.

चिप्स घेताना कशात तळता ते विचारा. इंग्लंडात काही दुकानं प्राण्यांच्या चरबीत तळतात. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

‘क्रीम टी’ मात्र चुकवू नका. स्कोन म्हणजे खुसखुशीत बन, त्यावर स्ट्रॉबेरीचा जॅम आणि वर ‘क्लॉटेड क्रीम’. दूध मंद आचेवर तासन्‌तास तापवून काढलेली घट्ट साय, वरचा पापुद्रा पिवळसर. आमच्या आजीच्या दुभत्याच्या कपाटातून आणल्यासारखी लागते. कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी आणि साय वर. शेजारच्या डेव्हनमध्ये उलट. यावर दोन्हीकडची मंडळी तावातावानं भांडतात, साधारण आपल्याकडच्या मिसळीच्या वादाइतकी. अंडं चालत नसेल तर स्कोनमध्ये आहे का विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. इथले खेकडे आणि लॉब्स्टर आजही गावातल्याच बोटी आणतात. खेकड्याचं सँडविच घ्या. आमच्या सौम्य मते त्याला थोडं लिंबू आणि तिखट हवं होतं, पण ताजेपणाला तोड नाही.

घरून काय न्यावं? पेढे नेले तर चालतील?

पेढे, खवा, पनीर, तूप नेऊ नका. युरोपबाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतात आणि डोळ्यांत पाणी येतं. चिवडा, शेव, गुळपोळी, मेतकूट न्या. मात्र किनाऱ्यावर उघड्यावर चिवड्याची पुडी सोडू नका. सीगल नावाचा पक्षी कठड्यावर बसून पिवळ्या डोळ्यानं तुमचा हात बघत असतो. तुम्ही मान वळवली की पुडीसकट पसार. त्यांना खायला घालू नका, पुण्य लागत नाही, चटक लागते.

थंडी किती? आम्हाला निफाडची सवय आहे.

निफाडची थंडी कोरडी. इथली ओली आणि वाऱ्याची. ऐन ऑगस्टमध्ये दुपारी तापमान एकोणीस-वीसच्या घरात, वारा सुटला की कानटोपी आठवते. छत्री उलटी होते, म्हणून टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट. कधी समुद्रावरून धुकं येतं आणि दहा मिनिटांत समोरची टेकडी नाहीशी होते. घाबरू नका, चहा मागवा.

तिथले कोळी गाणी म्हणतात, ते खरं का?

खरं. ‘फिशरमन्स फ्रेंड्स’ नावाचा गावातल्याच मित्रमंडळींचा गट आहे. जुनी खलाशांची गाणी म्हणतो. २०१० साली एका मोठ्या कंपनीनं त्यांच्याशी रेकॉर्डचा करार केला, २०१९ मध्ये त्यांच्या गोष्टीवर सिनेमा आला आणि तोही इथेच चित्रित झाला. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी बंदरासमोरच्या ‘प्लॅट’ नावाच्या मोकळ्या जागेवर गाण्याची त्यांची जुनी प्रथा. त्यांचे दौरे असतात, त्यामुळे त्या आठवड्यात आहे का ते बघून जा. शब्द कळले नाहीत तरी चालतं. जहाजावर दोर ओढताना सगळ्यांनी एका दमात जोर लावायचा, त्यासाठी रचलेली गाणी आहेत. वेसाव्याचं कोळीगीत ऐकलेल्या माणसाचा पाय आपोआप हलतो.

फोटो, रील, ड्रोन?

फोटो खुशाल काढा. रीलसाठी गल्ली अडवून चार-चार वेळा चालू नका, मागे भाजीची पिशवी घेऊन एखादी बाई थांबलेली असते. ड्रोन घरीच ठेवा. नियम कडक आहेत आणि घरं एकमेकांना चिकटून आहेत.

गावकऱ्यांना आपला राग येतो का, असंही विचारतात. पाहुण्यांवर दुकानं चालतात हे त्यांना कळतं. त्यांचं खरं दुखणं घरांचं आहे. कितीतरी घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवली, किमती वाढल्या आणि तिथल्याच पोरांना तिथे घर परवडेना. एप्रिल २०२५ पासून कॉर्नवॉलमध्ये अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लागतो. हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीत किती खिडक्यांत दिवे नसतात ते बघा, म्हणजे प्रश्न कळेल. सुला वायनरीच्या आणि गंगापूर धरणाच्या बाजूला बंगले कसे उठले हे पाहिलेल्या नाशिककराला फार समजावून सांगायला नको.

एका दिवसात होईल का?

ब्रिस्टलहून सकाळी निघून रात्री परत, असं जमतं. लंडनहून नाही, एका बाजूला पाच तास लागतात. एक रात्र मुक्काम करा. गावातली कॉटेजेस उन्हाळ्यात बहुतेक आठवड्याच्या हिशेबानंच मिळतात, म्हणून वेडब्रिज किंवा कॅमलफर्डला राहिलं तर खिशाला बरं. दुसऱ्या दिवशी टिंटाजेलचा किल्ला बघा, राजा आर्थरच्या दंतकथेचा. २०१९ पासून दरीवर नवा पादचारी पूल आहे, तरी पायऱ्या आहेतच. चालणाऱ्यांनी पोर्ट गॅव्हर्नपर्यंत जावं, दहा-पंधरा मिनिटांत शेजारची शांत खाडी लागते. पोर्ट क्विनची किनाऱ्याची वाट मात्र अवघड आहे, सतत चढ-उतार. ट्रेकवाल्यांनीच त्या वाटेला जावं.

समुद्रात उतरता येईल?

पाय भिजवा. पाणी ऐन उन्हाळ्यातही सोळा-सतरा अंशांचं असतं. ओहोटीत कड्याच्या वळणापलीकडे वाळूवरून चालत जाऊ नका, परतीची वाट पाण्याखाली जाते. गावात आरएनएलआय या संस्थेचं बचाव बोटीचं ठाणं आहे. गावातलीच माणसं स्वयंसेवक म्हणून काम करतात, संस्था देणग्यांवर चालते. डबी दिसली तर चार नाणी टाका. कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचं.

आणि तिथे खरोखर डॉक्टर लागला तर?

जिवावरचं असेल तर ९९९, सल्ला हवा असेल तर १११. मोठं इस्पितळ ट्रुरोला, गाडीनं तासभर. पाहुण्यांना इस्पितळात दाखल झाल्यावर बिल येतं आणि ते दणदणीत असतं, म्हणून प्रवास विमा घेतल्याशिवाय विमानात बसू नका. आधीपासूनचा बीपी, मधुमेह, हृदयविकार अर्जात लपवू नका, नाहीतर विमा असून नसल्यासारखा. औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत. गोळ्यांचा डबा चेक-इनच्या बॅगेत टाकणारे काका-काकू दर वर्षी भेटतात.